दुकानाचे दार

आपल्या मुरुडच्या आठवडी बाजारात शिरताना कोणी तुम्हाला कधी अडवले आहे काय? "खिशात काय आहे ते दाखव, मग आत ये," असे कोणी म्हटले आहे काय? म्हणणार तरी कसे! बाजाराला दारच नसते. बैलगाडी, एसटी, सायकल, पायी, ज्याला जसे जमेल तसा माणूस येतो. कोणी मिरच्या विकतो, कोणी चपला घेतो, कोणी नुसताच हिंडून, चहा पिऊन, सोयरिकीची चौकशी करून घरी जातो. ज्याने काही घेतले नाही त्यालाही कोणी 'का आलास' म्हणून विचारत नाही.

आता याच्या उलट एक गोष्ट सांगतो. ती फार जुनी नाही. १९९९ साली मुंबईत, हाजी अलीजवळ ताडदेवला, 'क्रॉसरोड्स' नावाचा मॉल उघडला. मुंबईतल्या पहिल्या मॉलमध्ये त्याची गणना होते. जिथे पूर्वी औषधांचा कारखाना होता त्या जागेवर पिरामल घराण्याने हे संकुल उभारले. काचेच्या भिंती, थंडगार हवा, चकचकीत फरशी, परदेशी मालाची दुकाने आणि वर-खाली जाणारे सरकते जिने. उद्घाटन होताच लोकांची अशी रीघ लागली, की विचारू नका. पण त्यांतल्या पुष्कळांना खरेदी करायची नव्हतीच. त्यांना तो जिना पाहायचा होता, त्यावर उभे राहायचे होते, थोडा वेळ गार हवेत बसायचे होते. चालकांना हे परवडेना. तेव्हा सुरुवातीच्या त्या दिवसांत त्यांनी एक नियम केला: ज्याच्याजवळ मोबाइल फोन असेल, किंवा क्रेडिट कार्ड असेल, त्याला आत सोडावे, ज्याच्याजवळ या दोन्ही वस्तू नसतील त्याने साठ रुपये भरावेत.

आजच्या शाळकरी मुलाला यात काय विशेष, असे वाटेल. फोन तर आता गुराख्याच्याही खिशात असतो. परंतु १९९९ सालचा फोन म्हणजे काय होते, हे ध्यानात घ्या. भारतात मोबाइलवरून पहिले बोलणे झाले ते १९९५ च्या ३१ जुलैला. त्यानंतर चार वर्षांनी साऱ्या देशात मोबाइलधारक होते बारा लाखांच्या आसपास, आणि लोकसंख्या शंभर कोटींच्या घरात. म्हणजे आठशे माणसांत एक. शिवाय कोणी आपल्याला फोन केला, तरी पैसे आपल्यालाच पडत; ही रीत २००३ पर्यंत चालू होती. क्रेडिट कार्डाची गंमत तर आणखी न्यारी. बँक ज्याला उधार द्यायला तयार आहे, त्याच्या हाती ते कार्ड. आपल्याकडे ज्याच्या नावावर उधारी आहे तो दुकानासमोरून मान खाली घालून जातो. तिथे उधारीची पत हाच आत जाण्याचा परवाना ठरला! आणि साठ रुपये? आपल्याकडे शेतमजुराला तेव्हा दिवसभर राबून साठ रुपये सहसा हाती पडत नसत.

हा नियम फार दिवस टिकला नाही. पण तो काही काळ तरी होता, आणि राजरोस होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यापाशी थांबले पाहिजे. दुकान म्हणजे नेमके काय? ज्याला घ्यायचे आहे त्यानेच यायचे, की ज्याला पाहायचे आहे त्यानेही? आणि दारात कोणाला थांबवायचे हे ठरवायचा अधिकार दुकानदाराला कितपत?

आपल्या भागापासूनच सुरुवात करू. लातूरची गंजगोलाई तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. इतक्या वेळा पाहिली आहे, की आता तिच्याकडे आपले लक्षच जात नाही. निजामी राजवटीत, १९१७ साली ही गोलाई उभी राहिली. तिची आखणी करणाराचे नाव फय्याजुद्दीन असे सांगतात. त्याच्या आधी सहा वर्षे, १९११ साली, बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी लातूरपर्यंत आली होती. हे दोन सन शेजारी शेजारी ठेवून पाहा. रेल्वे आली म्हणजे माल आला, माल आला म्हणजे आडत आली, आडतीमागून पेठ आली. तूर, गूळ, कापूस, ज्वारी यांना दूरच्या बाजाराची वाट मोकळी झाली. मग वाढत्या व्यापाराला साजेशी पेठ हवी, म्हणून मधोमध दुमजली वर्तुळाकार इमारत, तिच्या पोटात जगदंबेचे देऊळ, आणि भोवतालून येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका अंगाला सोन्याचांदीची दुकाने, एकीकडे पादत्राणे, एकीकडे मिरची-गूळ, एकीकडे कापड. ज्याचा धंदा त्याची गल्ली.

आमच्या मुरुडकडचा किंवा औश्याकडचा माणूस तेव्हा पहिल्यांदा गोलाईत शिरला असेल, तेव्हा त्याचेही डोळे दिपले असतीलच. त्या काळच्या मानाने हे विलासी संकुलच होते म्हणा ना! एवढी मोठी गोल इमारत, तीही बाजारासाठी! पण सोळा रस्ते ज्या जागी येऊन मिळतात तिथे पहारा ठेवायचा कुठे? एक रस्ता अडवावा तर पंधरा मोकळे. आखणी करणाराच्या मनात समतेचा विचार होता, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याला गाड्यांची कोंडी टाळायची असेल. तरी दगडविटांची रचनाच अशी, की येणाऱ्याची निवड करणे शक्य होऊ नये. अर्थात, रस्ता मोकळा म्हणजे दुकानाची पायरीही सर्वांना मोकळी, असे नव्हते. त्याकडे पुढे येतो.

मोंढ्याची रीत मात्र मोकळी असूनही झाकलेली असे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवण्याची चाल जुन्या मंडळींनी पाहिलेली आहे. सौदा उघड्यावर, पण भाव गुपित. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालासुद्धा कळू नये, की बैलजोडी कितीला गेली. ज्याला हिशेब येत नाही, ज्याला उभे राहायला वेळ नाही, ज्याने आधीच उचल घेतली आहे, तो या रुमालाखाली हमखास नाडला जाई. म्हणून नव्या दुकानाला नुसती नावे ठेवून चालणार नाही. मालावर चिठ्ठी लावून एकच भाव सर्वांना, ही त्या नव्या दुकानाने आणलेली गोष्ट आहे, आणि ती लहान नाही.

ती आली पॅरिसहून, असे म्हणायला हरकत नाही. तिथे १८५२ साली आरिस्तीद बुसिको नावाचा गृहस्थ 'बाँ मार्शे' या दुकानात भागीदार झाला. त्याने काय केले? भाव ठरावीक ठेवला आणि मालावर लिहिला. घेतलेला माल पसंत पडला नाही तर परत घ्यायला सुरुवात केली. आणि तिसरी गोष्ट आपल्या विषयाशी थेट जोडलेली: कोणीही आत यावे, हिंडावे, हात लावून पाहावे, न घेता परत जावे. त्याआधी तिकडे दुकानात पाऊल टाकले की काहीतरी घेणे भाग, अशी समजूत असे. बुसिको हा मोठा धोरणी. आज जो नुसता पाहून गेला तो उद्या घ्यायला येईल, हे त्याला कळत होते. म्हणजे पाहुण्याला आत घेणे हा त्याचा धर्मादाय नव्हता, तो धंदाच होता. दीडशे वर्षांनी ताडदेवला साठ रुपये मागणाऱ्यांना हा जुना धडा कोणी शिकवला नव्हता, की शिकूनही ते विसरले, कोण जाणे.

उलट मुंबईला निराळीच रीत माहीत होती. १८७१ साली लंडनमध्ये 'आर्मी अँड नेव्ही' ही सहकारी संस्था निघाली. लष्करातल्या अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना चांगला माल स्वस्तात मिळावा, हा तिचा हेतू. पुढे गेल्या शतकाच्या आधीच्या दशकात तिची पेढी मुंबईत आली. काळा घोड्याजवळची तिची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. या दुकानातून माल घ्यायचा तर सभासद असावे लागे, आणि सभासद व्हायचे तर मुळात त्या वर्गातले असावे लागे. सर्वसामान्य गिऱ्हाइकाला ही संस्था पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस खुली झाली. सभासदाचा क्रमांक आणि मोबाइल फोन यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

त्याच शहरात १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट सुरू झाले होते. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव त्याला दिले. तिथे कधी गेलात तर आत शिरण्यापूर्वी मान वर करून पाहा. दारावर दगडात कोरलेली चित्रे आहेत, ती लॉकवुड किपलिंग यांच्या हातची, आणि त्यांत शेतात राबणारे शेतकरी दाखवले आहेत. बाजाराच्या दारावर शेतकरी कोरावा असे एका इंग्रजाला वाटले, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. आज या मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. पुण्याच्या मंडईलाही त्यांचेच नाव आहे. शिक्षक बंधु-भगिनींनी वर्गात सांगावी अशी एक हकिगत या पुण्याच्या मंडईच्या पोटात दडलेली आहे.

जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन पुण्याला यायचा होता, आणि त्याच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचे ठरत होते. त्याला विरोध करणारे एकटे जोतीराव. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा, हे त्यांचे म्हणणे. पुढे नवी मंडई बांधण्याचा प्रश्न आला. लाखोंचे काम होते. तेव्हाही जोतीराव आणि हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला, कारण तेच. वास्तविक बाजार काय असतो, हे सभागृहातल्या बहुतेकांपेक्षा जोतीरावांना अधिक ठाऊक होते. त्यांचे घराणे फुलांच्या व्यवसायातले, ते स्वतः कंत्राटदारी करीत आणि भाजीपाल्याच्या व्यापाराशीही त्यांचा संबंध होता. बाजार नको, असे ते म्हणत नव्हते. शाळा नसताना एवढी शोभिवंत मंडई कशाला, असा त्यांचा सवाल होता. मंडई झालीच. ती अष्टकोनी, मनोऱ्याची, देखणी इमारत १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झाली. पन्नासएक वर्षांनी आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ज्याने विरोध केला त्याचेच नाव! जोतीरावांना हसू आले असते की राग, हे ठरवायला मी धजत नाही.

आणि याच हरी रावजी चिपळूणकरांनी १८८८ च्या मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट या राजपुत्राला मेजवानी दिली, तिथे जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले. सभोवार जरीचे पोशाख, हिऱ्यामोत्यांचे अलंकार. आणि मध्ये हा मनुष्य साध्या फाटक्या कपड्यांत. त्यांनी राजपुत्राला बजावले, की येथे जमलेले हे लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा देश खेड्यांत आहे. दाराशी कपडे पाहून माणसाची पारख करणाऱ्यांना यापेक्षा स्पष्ट उत्तर मला तरी माहीत नाही.

आता त्या दुकानाच्या पायरीकडे वळू. जुन्या पेठेचा रस्ता मोकळा होता खरा, पण सर्वांना पायरी चढता येत नव्हती. अस्पृश्य मानलेल्या माणसाने खाली रस्त्यावर उभे राहायचे, पैसे ठेवायचे किंवा टाकायचे, आणि दुकानदाराने वरून कापड नाहीतर गूळ खाली टाकायचा. भाव करायचा नाही, हात लावून पाहायचे नाही. चहाच्या दुकानात वेगळी कपबशी, तीही ज्याची त्याने विसळून ठेवायची. आपल्या मराठवाड्यात हे चालत आले आहे. वडीलधाऱ्या मंडळींना विचारा, ते सांगतील. १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या जवळच्याच कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. त्या सभेला जमलेल्यांपैकी कित्येकांनी आयुष्यात कधी दुकानाच्या आत पाऊल टाकले नसेल.

म्हणून आपल्या राज्यघटनेत एक गोष्ट लिहिलेली आहे, तिच्याकडे मी तुमचे लक्ष वेधतो. पंधरावे कलम आपण शाळेत शिकवतो: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव नको. पण त्याच कलमाचे दुसरे पोटकलम क्वचितच कोणी वाचून दाखवतो. त्यात विहिरी, तलाव, घाट, रस्ते येतात, आणि त्यांच्याही आधी येतात दुकाने! दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा. देशाच्या मूळ कायद्यात वाण्याच्या दुकानाचा उल्लेख! १९४८ च्या २९ नोव्हेंबरला घटना समितीत या कलमावर चर्चा झाली. दुकान म्हणजे काय काय, त्यात धोब्याचे, न्हाव्याचे दुकान येते की नाही, असा प्रश्न एका सभासदाने काढला. बाबासाहेबांनी उत्तर दिले त्याचा आशय असा, की दुकान हा शब्द येथे कोत्या अर्थाने घेतलेला नाही. जो कोणी आपली सेवा देऊ करतो त्याची जागा म्हणजे दुकान, आणि प्रश्न नुसता आत शिरण्याचा नाही, ती सेवा मिळण्याचा आहे. न्हाव्याने आत बसू दिले पण डोके भादरले नाही, तर काय उपयोग?

मात्र कलमातले शब्द नीट मोजा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. ऐपत हा शब्द त्यात नाही. म्हणून 'फोन दाखवा, नाहीतर साठ रुपये भरा' असे म्हणणारा जातीचे नावही काढत नाही. तो म्हणेल, आम्ही सर्वांना सारखेच विचारतो. पण १९९९ साली ते आठशेतले एक फोनवाले कोण होते आणि उरलेले कोण होते, हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. जुन्या काळी पायरीवर जे थांबत, त्यांची नातवंडे पुष्कळशी या उरलेल्यांत असणार.

मुंबईच्याच मातीत याच्या उलट प्रयोगही झालेला आहे, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. १९४८ साली नायगावला गिरणी कामगारांनी आपले सहकारी ग्राहक भांडार काढले. तेच पुढे 'अपना बाजार' म्हणून नावारूपाला आले. धान्य, तेल, साबण, कापड एका छपराखाली, वाजवी भावात. तिथे येणारा माणूस दुकानाचा मालकही होता. पुढे १९८२ च्या १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळशा गिरण्यांचे भोंगे पुन्हा पहिल्यासारखे वाजलेच नाहीत. कोकणातली, घाटावरची घरे त्यात बसली. लोअर परळच्या फीनिक्स मिलच्या आवारात पुढे भारी मॉल उभा राहिला. तिची उंच चिमणी तेवढी राखून ठेवली आहे. आत जाणाऱ्यांतले कितीजण मान वर करून तिच्याकडे पाहतात?

आता नवे संकुल. २०२३ च्या १ नोव्हेंबरला बांद्रा-कुर्ला संकुलात 'जिओ वर्ल्ड प्लाझा' लोकांना खुला झाला. साडेसात लाख चौरस फूट जागा. शेतकऱ्याच्या हिशेबात सांगायचे तर, सगळे मजले मिळून सतरा एकरांहून थोडी अधिक. चार मजले, कमळाच्या कल्पनेवर बेतलेली इमारत, आणि उघडताना साठाहून अधिक उंची नावे, त्यांतली काही भारतात पहिल्यांदाच आलेली. लातूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलात आणि वेळ असला, तर जरूर पाहून या. मला वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आत जायला तिकीट आहे का?" तिकीट नाही. फोन, कार्ड कोणी विचारत नाही. दारावर पिशवी तपासतात, तशी ती रेल्वे स्थानकावरही तपासतात.

आत गेल्यावर मात्र काही गोष्टी ध्यानी ठेवा. तिथे गर्दी नसते, आणि गर्दी नसणे हाच तिथला माल आहे, असे मला वाटते. काही दुकानांत काचेमागे चारच पिशव्या मांडलेल्या दिसतील आणि त्यांवर भावाची चिठ्ठी दिसणार नाही. बुसिकोने जी चिठ्ठी लावली ती येथे पुन्हा काढलेली! भाव विचारावा लागतो, आणि विचारायला जीभ रेटत नाही. रुमालाखालचा भाव काचेमागे जाऊन बसला, म्हणा. तरी विचारा. "हे केवढ्याला?" असे सरळ मराठीत विचारा. दुकानातली मुले-मुली बहुधा आपल्यासारख्याच घरांतून आलेली असतात. कोणी उल्हासनगरहून, कोणी विरारहून दोन-दोन तास लोकलमध्ये उभे राहून आलेले. ते नीट उत्तर देतात.

क्रॉसरोड्सचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. शहरात दुसरे, तिसरे, दहावे मॉल उघडले. त्यांनी तिकीट ठेवले नाही आणि लोक तिकडे गेले. मालकी बदलली, नाव बदलून 'सोबो सेंट्रल' झाले, हळूहळू एकेक दुकान उठत गेले आणि ज्या दारात रांगा लागल्या होत्या तिथली वर्दळ ओसरत गेली. ज्यावर उभे राहण्यासाठी लोक तेव्हा साठ रुपये द्यायला तयार झाले होते, तसे सरकते जिने आता रेल्वे स्थानकांवरसुद्धा बसलेले आहेत. गावाकडून आलेली एखादी म्हातारी आजी पहिल्या पायरीशी थबकते, नातू तिचा हात धरतो, आणि मागची माणसे क्षणभर खोळंबतात.